नाशिकमधल्या फ्लॅटची नव्याने सजावट: कल्पना कुठून आणि कशा जमवायच्या? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी नाशिकमध्ये घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. दिवाळी किंवा गुढीपाडवा जवळ आला की ओळखीतले लोक तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. माझं म्हणणं आधीच सांगते. कल्पना आधी आपल्या घरातून गोळा कराव्यात, मग आपल्या गावातून आणि सगळ्यात शेवटी फोनमधून. बहुतेक जण नेमके उलटे जातात. मग घर फोटोत छान दिसतं, पण राहायला अडचणीचं होतं.

फोनमध्ये ढिगाने फोटो साठवलेत, तरी काही सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

आठवडाभर फोटो बघणं बंद ठेवा आणि घराकडे बघा. एक वही घ्या आणि दिसेल ते टिपत जा. चपला कुठे साचतात? वाळलेले कपडे घडी होईपर्यंत कोणत्या खुर्चीवर पडून असतात? स्टडी टेबल असूनही मुलं डायनिंग टेबलवरच अभ्यासाला बसतात का? चार्जर लावायला कोणाला पलंगाच्या मागे हात घालावा लागतो? इस्त्रीचं टेबल, गव्हाची कोठी, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीची आरास, सुटकेस या सगळ्यांना आज जागा कुठे आहे?

या वहीतूनच तुमच्या घराची खरी गरज कळते. दारात चपलांचा ढीग होत असेल तर तिथे बसून चपला घालता येईल असा कप्प्यांचा कट्टा हवा, हे कोणत्याही फोटोआधी ठरून जातं. मग फोटो शोधताना नुसतं ‘सुंदर हॉल’ न शोधता ‘दाराजवळचा कट्टा’ शोधता, आणि तेव्हा उपयोगाचं काही तरी हाती लागतं.

त्याच आठवड्यात टेप घेऊन सगळ्या खोल्या मोजा. कागदावर दारं, खिडक्या, बीम, कॉलम, प्लग पॉइंट आणि दार कोणत्या बाजूला उघडतं हे सगळं काढा. करारातल्या कार्पेट एरियावर, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळावर, भरवसा ठेवून फर्निचर ठरवू नका. २०१६च्या रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांसाठीच्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे त्या आकड्यात आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते.

फोटोतलं नेमकं काय घ्यायचं, हे कसं ओळखायचं?

प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहा: ‘मला यातलं काय आवडलं?’ ‘सगळंच’ हे उत्तर चालणार नाही. खिडकीतून येणारा उजेड आवडला की सोफ्याचा रंग? मोकळी जमीन आवडली की छताची उंची? पुष्कळदा असं लक्षात येतं की आवडलेल्या बहुतेक फोटोंत खोलीच मुळात मोठी आहे, छत उंच आहे किंवा बाहेर झाडं आहेत. यातलं काहीच विकत आणता येत नाही. ते फोटो काढून टाका.

उरतील त्यांत एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल. कोणाला लाकडाचा गडद रंग ओढतो, कोणाला पांढरी भिंत आणि तिच्यावर एकच चित्र. हीच तुमची आवड. दहा-बारा फोटो राहिले की छापून एका पुठ्ठ्यावर चिकटवा आणि शेजारी घरातल्या फरशीचा एक फोटो लावा. फरशी बहुधा बदलणार नसते, पण तिच्याशी रंग जुळतो का हे बघायचं राहून जातं. बिल्डरने घातलेल्या चकचकीत हस्तिदंती फरशीवर करडा सोफा फोटोतल्यासारखा दिसत नाही, कारण फोटोतली जमीन लाकडी असते.

नाशिकमध्ये प्रत्यक्ष काय बघता येईल?

भरपूर! एक दिवस जुन्या नाशिकमध्ये पायी फिरा. सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा, पंचवटीतलं काळाराम मंदिर आणि गल्ल्यांमधले अजून उभे असलेले वाडे बघा. बघायचं ते नक्कल करण्यासाठी नाही. कमी जागेत माणसं कशी सोय करत होती ते समजून घ्यायचं. भिंतीच्या जाडीतला कोनाडा, दाराबाहेर बसायची ओसरी, भिंतीतलं फडताळ, कपडे अडकवायच्या खुंट्या, दिवसा गुंडाळून ठेवायच्या गाद्या. दोन बेडरूमच्या फ्लॅटला यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

कोनाड्याचंच घ्या. फ्लॅटच्या आतल्या भिंती चार-सहा इंचांच्या असतात. त्या खोदून कोनाडा करायला जाऊ नका. त्याऐवजी वॉर्डरोबच्या कडेला सहा-आठ इंच रुंदीचा एक उघडा कप्पा ठेवा. पलंगावर आडवं होऊन हात पोचेल एवढ्या उंचीवर, आत एक प्लग पॉइंट आणि छोटा पिवळा दिवा. चष्मा, पाण्याची बाटली, मोबाइल, औषधाची गोळी, सगळं तिथे राहतं आणि साइड टेबलची जागा वाचते.

तांबट लेनमध्ये आणि भांडी बाजारात चक्कर मारली तर रंगांचं एक वेगळंच शिक्षण होतं. काळाराम मंदिराचा काळा दगड आणि तांब्या-पितळेची झळाळी डोळ्यांपुढे ठेवून मी किती तरी घरांचे रंग ठरवले आहेत: भिंती सौम्य, एखादा पृष्ठभाग दगडी काळपट आणि दोन-तीन वस्तू पितळेच्या. जुनं घंगाळ घासून त्यात कुंडी ठेवली की दारातला कोपरा उजळतो. मात्र पितळ घासणारं माणूस घरात असेल तरच हा नाद करा.

याखेरीज नातेवाइकांची घरं बघा, आणि शक्यतो तीन-चार वर्षांपूर्वी काम झालेली. नव्या कोऱ्या घरातून काही कळत नाही. ‘आता पुन्हा करायचं झालं तर काय करणार नाही?’ असं घरातल्या बाईंना विचारा. काचेची दारं, पांढरा सोफा, खोल्याखोल्यांतलं फॉल्स सीलिंग, उघडी शेल्फं यांबद्दलची खरी माहिती तिथे मिळते. क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेचं ‘शेल्टर’ प्रदर्शन भरतं तेव्हा साहित्य हाताळून बघायला जरूर जा, पण पहिल्याच दिवशी बुकिंग करू नका.

सॅम्पल फ्लॅट आवडला. तसंच करून घ्यावं का?

टेप घेऊन पुन्हा जा. पलंगाची लांबी मोजा, वॉर्डरोबची खोली मोजा. सॅम्पल फ्लॅटमध्ये बऱ्याचदा फर्निचर नेहमीपेक्षा लहान मापाचं असतं आणि काही दारं काढून ठेवलेली असतात, म्हणून खोली मोठी भासते. हँगरवरचे कपडे मावायला वॉर्डरोब २२ ते २४ इंच खोल लागतो. पलंगाच्या बाजूने चालायला निदान दोन फूट हवेत आणि डायनिंगची खुर्ची मागे सरकवून उठायला तीन फूट.

घरी आल्यावर जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं फर्निचरच्या मापाने कापून पसरा आणि दोन दिवस त्यांना वळसा घालून वावरा. पाय वर्तमानपत्रावर पडत असेल तर तिथे फर्निचर नको.

आमच्या हॉलला पश्चिमेचं ऊन येतं. त्याचा सजावटीशी काही संबंध आहे?

सगळ्यात जास्त संबंध आहे, आणि हाच प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात. मुंबई-पुण्याची किंवा परदेशातली चित्रं आपल्याकडे फसतात ती इथेच.

नाशिक साधारण २० उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतवर येतं. आपल्या कडाक्याच्या थंडीत ते हवंच असतं. वाचायची खुर्ची, आजी-आजोबांची बसायची जागा तिथे ठेवा. मेअखेरीपासून जुलैपर्यंत मात्र दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जासुद्धा पुरतो.

पश्चिमेचं तसं नाही. चारनंतरचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला अडवू शकत नाही. ते काचेच्या बाहेरच अडवायला हवं. काच तापल्यावर आतला पडदा कितीही जाड असला तरी खोली तापलेलीच राहते. बाल्कनीत बांबूची चिक लावा, वेल चढवा, एप्रिल-मेमध्ये वाळ्याचा पडदा सोडा. व्हिनिअरचं (वरून पातळ लाकडी पापुद्रा चिकटवलेलं) फर्निचर, लेदरचा सोफा आणि टीव्ही त्या उन्हाच्या वाटेत नकोत, रंग उडतो. उलट बेडरूमची पश्चिमेची सलग भिंत तापत असेल तर तिथे वॉर्डरोब करा, उष्णता थेट खोलीत शिरत नाही. पण पावसाचा माराही पश्चिम आणि नैर्ऋत्येकडूनच येतो. म्हणून आधी बाहेरून भेगा भरून घ्या आणि एक पावसाळा भिंत कोरडी राहते का ते बघा. मगच तिथे प्लायवुड लावा, तेही भिंतीपासून इंचभर सोडून.

आणखी एक. नाशिकचा उन्हाळा कोरडा असतो आणि रात्री बाहेरची हवा गार होते. समोरासमोरच्या खिडक्या मोकळ्या ठेवल्या की घर भराभर निवतं. खिडकीपुढे उंच कपाट उभं करणारा कोणताही नकाशा मी मान्य करत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलरही चांगला चालतो, त्यासाठी एक खिडकी आणि एक पॉइंट राखून ठेवा.

रंग कसा ठरवावा? शेड कार्डवर वेगळा आणि भिंतीवर वेगळा दिसतो.

दिसणारच. छोट्या चिठ्ठीवरचा रंग पूर्ण भिंतीवर जास्त गडद वाटतो, म्हणून आवडलेल्या रंगापेक्षा एक पायरी फिकी शेडही आणून बघा. लहान डबा आणून दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा खिडकीसमोरच्या भिंतीला, खिडकीशेजारच्या भिंतीला असा फिरवून लावा. सकाळी आठला, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून बघा. तिन्ही वेळी डोळ्यांना बरा वाटला तरच घ्या. एका भिंतीला भडक रंग द्यायचा मोह असेल तर बसल्यावर पाठीमागे येणारी भिंत निवडा, समोरची नको.

आजीची पैठणी आणि वारली चित्र हॉलमध्ये लावायचं आहे. कसं लावावं?

मनापासून आनंद होतो असं कोणी विचारलं की. येवला आपल्याच जिल्ह्यातलं, आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांत वारली वस्ती आहे. परक्या ठिकाणचं छापील चित्र आणण्याआधी याचा विचार व्हायलाच हवा.

पैठणी नेसण्याजोगी असेल तर फ्रेमसाठी कापू नका. विरलेली असेल तर पदर किंवा काठ जपा. फ्रेमवाल्याला ठामपणे सांगा: कापड डिंकाने किंवा टेपने चिकटवायचं नाही. ते सुती कापडावर बारीक टाके घालून बसवायचं आणि काच व रेशीम यांच्यात थोडं अंतर ठेवायचं. काच रेशमाला टेकली तर दमट हवेत डाग पडतात. जिथे थेट ऊन येत नाही अशी भिंत निवडा, कारण रेशमाचा रंग उन्हाने हमखास विटतो.

वारली चित्र मुळात कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढतात. म्हणून मागची भिंत मातकट असली की ते जिवंत वाटतं, गुलाबी-निळ्यावर ते हरवतं. शक्य असेल तर कलाकाराकडूनच काढून घ्या आणि कोणत्या चित्राचा काय अर्थ आहे ते त्यांना विचारा. पालघाट या वारलींच्या देवीचा चौक, म्हणजे चौकटीतलं चित्र, लग्नविधीतला असतो. तो कुठे लावायचा हे ते सांगतील तसं करा.

जुन्या वाड्याचं दार मिळतंय. घ्यावं का?

सागवानी असेल आणि वाळवी नसेल तर जरूर. नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने कडा टोचून बघा. भुसा निघाला तर सोडून द्या. आत तुटलेले खिळे असतात, ते सुताराला आधीच सांगा. आणि लिफ्टचं माप घ्यायला विसरू नका, अशी दारं चांगलीच जड असतात. एका खोलीत अशी एकच वस्तू ठेवा.

झोपाळ्याचं मात्र स्वतंत्रपणे बघायला हवं. त्याचे हूक स्लॅबमध्ये किंवा बीममध्येच बसले पाहिजेत, फॉल्स सीलिंगच्या पट्ट्यांना नाही. पुढे-मागे हेलकाव्याची जागा धरूनच माप काढा.

किचनसाठी काय बघून ठेवू?

ट्रॉल्यांचे रंग शेवटी बघा. आधी ओट्याची उंची. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा आला की खांदे आणि कंबर दुखत नाही. घरात दोघं स्वयंपाक करत असतील आणि उंचीत फरक असेल तर जो जास्त वेळ उभा राहतो त्याच्या मापाने करा.

मग मोकळी जागा. आपल्याकडे पोळ्या लाटायच्या, भाकरी थापायच्या, सणाला पुरण वाटायचं असतं. गॅस आणि सिंक यांच्यामध्ये सलग तीन फूट ओटा मोकळा नसेल तर दिसायला कितीही देखणं असलं तरी ते किचन गैरसोयीचं. मिक्सर कायम ओट्यावरच राहणार हे गृहीत धरून त्याच्या मागे पॉइंट द्या. वर्षाचे गहू भरत असाल तर कोठीची जागा नकाशावर आजच दाखवा. कांद्याला हवा लागते, तो बंद ट्रॉलीत कोंडू नका, जाळीच्या टोपलीत ठेवा आणि बटाटे वेगळे.

देवघर किचनमध्ये असेल तर समईच्या ज्योतीवर लाकडी कप्पा येणार नाही याची काळजी घ्या. ग्रॅनाइटची पट्टी आणि वर मोकळी जागा असली की काजळी आणि उष्णता दोन्हींचा त्रास कमी.

दिवे पिवळे घ्यावेत की पांढरे?

दोन्ही, जागेप्रमाणे. खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो, तो जितका लहान तितका उजेड पिवळा. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३०००, किचन आणि अभ्यासाच्या जागी ४०००. ६५००चा निळसर पांढरा उजेड संपूर्ण घरात लावला की रंग थंडगार दिसतात आणि घराला दवाखान्याची कळा येते. छताला बारा दिवे लावण्यापेक्षा खुर्चीशेजारी, आरशाजवळ आणि ओट्याच्या वरच्या कपाटाखाली एकेक दिवा लावा.

हॉल मोठा करायला मधली भिंत पाडता येईल?

नुसतं बघून ठरवू नका, मिस्त्री ‘पडेल की’ म्हणाला तरीही. नव्या इमारतींपैकी काही ॲल्युमिनियम फॉर्मवर्कने, म्हणजे लोक ज्याला ‘मिवान’ म्हणतात त्या पद्धतीने बांधलेल्या असतात. तिथे भिंतीच इमारतीचं वजन पेलतात, त्यात वायरिंगसाठी खोल झिरीसुद्धा पाडायची नाही. जुन्या इमारतीत विटांची आतली भिंत बहुधा वजन पेलत नसते, पण तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच बघून सांगायला हवं. सोसायटीची लेखी परवानगी घ्या. बाथरूमची जागा हलवणार असाल तर खाली कोणाची बेडरूम येते ते आधी बघा.

मिस्टरांना काळं-पांढरं हवं, सासूबाईंना लाकडी, मुलीला गुलाबी. काय करू?

प्रत्येकाला एकेक जागा द्या. मुलीची खोली तिची. पण सासूबाईंना रंगाबद्दल विचारण्याआधी त्यांना उठता-बसता काय त्रास होतो ते विचारा. बहुतेक वेळा खोल सोफा नको असतो, हाताचा आधार असलेली उंच खुर्ची हवी असते आणि बाथरूममध्ये धरायला दांडी. हॉलचे मूळ रंग तीनच ठेवा आणि ते सगळ्यांनी मिळून पुठ्ठ्यावर बघून ठरवा.

एआयने किंवा थ्रीडीत केलेलं चित्र दाखवून सुताराला काम देऊ का?

चित्र दाखवा, पण माप लिहिलेला नकाशाही द्या. अशी चित्रं बीम, ड्रेनेजचे पाइप आणि दार उघडायची बाजू सर्रास विसरतात.

कोटेशन बघताना काय विचारावं?

प्लायवुड कोणतं, हे लेखी घ्या. आयएस म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक. आयएस ३०३ हे साध्या वापराचं, त्यात एमआर (ओल सोसणारं) आणि बीडब्ल्यूआर (पाणी जास्त सोसणारं) असे दर्जे येतात. सिंकखाली आणि बाथरूममध्ये आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय हवं. कपाटाचा सांगाडा साधारण १८ मिलिमीटरचा असावा. चौरस फुटाचा दर बहुधा समोरच्या दर्शनी भागाचा, म्हणजे लांबी गुणिले उंची असा असतो. म्हणून आतले ड्रॉवर, ते सरकायचे चॅनल, बिजागऱ्या, आतलं लॅमिनेट आणि वाळवीची फवारणी त्यातच आहे का हे विचारा. दोन कोटेशनांमधला मोठा फरक नेहमी इथेच दडलेला असतो. राडारोडा कोण उचलणार हेही लिहून घ्या.

काम कधी काढावं?

जुलै-ऑगस्टमध्ये नको, पुट्टी आणि पीओपी नीट वाळत नाही. दिवाळीच्या तोंडावर कारागीर मिळत नाहीत. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पैसे थोडेच आहेत. आधी काय?

गळती, ओल आणि वायरिंग. मग किचनची सोय आणि कपाटं. मग रंग. पडदे, चित्रं, गालिचे राहायला लागल्यावर सावकाश आले तरी काही बिघडत नाही, उलट तेव्हा जास्त चांगलं सुचतं. भाड्याच्या घरात असाल तर दिवे, पडदे, झाडं आणि सुटं फर्निचर यांवरच खर्च करा, ते पुढच्या घरी नेता येतं.

२०२७च्या सिंहस्थाला पाहुणे येणार. गेस्ट रूम करून घ्यावी का?

त्यासाठी खोली अडकवू नका. नाशिककरांकडे पाहुणे एरवीही येतातच, पण वर्षाचे बाकीचे दिवस ती खोली सामानाने भरते. तीच खोली अभ्यासाची किंवा कामाची करा आणि तिथे तीन बाय सहा फुटांचा, आत सामान ठेवता येईल असा दिवाण ठेवा. हॉलमधलं सेंटर टेबल हलकं घ्या, म्हणजे एकट्याने उचलून बाजूला ठेवता येईल आणि रात्री तिथे गाद्या पडतील. तिहेरी घडीची गादी दोन बाय तीन फुटांत मावते. एका कपाटात तेवढ्या मापाचा एक कप्पा आडवा फळा न घालता उभा मोकळा सोडायला सुताराला सांगा. बाथरूममध्ये चार खुंट्या जास्तीच्या आणि हॉलच्या भिंतीला जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन चार्जिंग पॉइंट, एवढं आत्ताच करून घ्या.